सिक्युरिटी लॉगमध्ये काय नोंदवावे: विंडोजच्या ऑडिट पॉलिसीविषयी

संगणकावर कोण आले, कोणती फाइल कोणी पुसली, कोणाला नव्याने ॲडमिनचे अधिकार मिळाले, या प्रश्नांची उत्तरे विंडोज ‘सिक्युरिटी लॉग’ नावाच्या आपल्या नोंदवहीत स्वतः लिहून ठेवू शकते. मात्र त्यातले काय लिहायचे आणि काय सोडायचे हे आपण आधी सांगून ठेवावे लागते. ते सांगण्याची जागा म्हणजे ऑडिट पॉलिसी. नाशिकच्या अंबड आणि सातपूरमधले काही लहान कारखाने, कॅनडा कॉर्नर आणि शरणपूर रोड परिसरातली करसल्लागारांची कार्यालये आणि एकदोन पतसंस्था यांचे संगणक सांभाळण्याचे काम मी करतो. अँटीव्हायरस आणि बॅकअप यांच्याविषयी तिथे मला नेहमी विचारणा होते. ऑडिट पॉलिसीची आठवण मात्र काहीतरी विपरीत घडून गेल्यावरच होते. तेव्हा उशीर झालेला असतो, कारण ही नोंद सेटिंग चालू केल्यापासून पुढची मिळते, मागची मिळत नाही. दुसरीकडे, एकदा धसका घेतलेली माणसे ‘सगळेच चालू करून टाका’ म्हणतात, आणि त्यातून होणारे नुकसान काही न नोंदवण्याइतकेच मोठे असते. म्हणून उद्या आपल्याला कोणते प्रश्न विचारावे लागणार आहेत ते आधी कागदावर लिहावे आणि त्या प्रश्नांना लागतील तेवढेच प्रकार चालू करावेत, असे माझे ठाम मत आहे.

जुन्या पद्धतीत विंडोजमध्ये ऑडिटचे नऊ वर्ग होते: अकाउंट लॉगऑन, अकाउंट मॅनेजमेंट, डिरेक्टरी सर्व्हिस ॲक्सेस, लॉगऑन, ऑब्जेक्ट ॲक्सेस, पॉलिसी चेंज, प्रिव्हिलेज यूज, प्रोसेस ट्रॅकिंग आणि सिस्टीम. प्रत्येक वर्गासमोर ‘सक्सेस’ आणि ‘फेल्युअर’ अशा दोनच खुणा असत. फोल्डरमधल्या फाइली पुसल्या जातात का, एवढेच कोणाला पाहायचे असले तरी ऑब्जेक्ट ॲक्सेस हा संपूर्ण वर्ग चालू करावा लागे आणि नको असलेल्या नोंदींचा लोंढा येई. व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून या वर्गांचे उपवर्ग झाले, पण ते ऑडिटपॉल (auditpol) या कमांडनेच हाताळावे लागत. विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर२ पासून ते ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजची धोरणे ठरवण्याच्या खिडकीत, ‘ॲडव्हान्स्ड ऑडिट पॉलिसी कॉन्फिगरेशन’ या नावाखाली आले. आज असे पन्नासहून अधिक उपवर्ग आहेत. लहान कार्यालयाला त्यातले दहाबारा पुरतात.

अकाउंट लॉगऑन आणि लॉगऑन हे दोन वर्ग सारखेच वाटतात, म्हणून लोक त्यातला एकच चालू करून समाधान मानतात. पासवर्ड बरोबर आहे की नाही हे तपासण्याचे काम जो संगणक करतो, त्याच्याकडे अकाउंट लॉगऑनची नोंद होते. प्रत्यक्ष सत्र ज्या संगणकावर सुरू होते, त्याच्याकडे लॉगऑनची नोंद होते. डोमेन असलेल्या, म्हणजे सगळ्यांची खाती एका मध्यवर्ती सर्व्हरवर असलेल्या कार्यालयात पहिली नोंद त्या सर्व्हरवर, म्हणजे डोमेन कंट्रोलरवर सापडते आणि दुसरी त्या कर्मचाऱ्याच्या किंवा फाइल सर्व्हरच्या संगणकावर. डोमेन नसलेल्या, नुसत्या वर्कग्रुपवर चालणाऱ्या कार्यालयात, म्हणजे नाशिकमधल्या माझ्या बहुतेक ग्राहकांकडे, दोन्ही एकाच संगणकावर होतात. प्रत्येक प्रकारच्या नोंदीला विंडोजमध्ये ठरलेला क्रमांक असतो: यशस्वी लॉगऑनचा ४६२४ आणि फसलेल्याचा ४६२५. त्या नोंदीतला ‘लॉगऑन टाइप’ हा आकडा वाचायला शिकल्याशिवाय पुढे जाऊ नये: २ म्हणजे समोर बसून, ३ म्हणजे नेटवर्कवरून, ५ म्हणजे एखाद्या सर्व्हिसने, ७ म्हणजे लॉक केलेली स्क्रीन पुन्हा उघडून आणि १० म्हणजे रिमोट डेस्कटॉपवरून. ५ क्रमांकाच्या नोंदी दिवसभर पडत राहतात. त्या पाहून घाबरण्याचे कारण नाही.

रिमोट डेस्कटॉपची गोष्ट थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण घरून काम करण्याची सोय म्हणून अनेकांनी राउटरवर ३३८९ हे पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचे दार, सरळ इंटरनेटसाठी उघडून ठेवलेले असते. अशा एका कार्यालयात मला लॉग पाहायला बोलावले होते. ४६२५ च्या नोंदी एकामागोमाग एक, काही सेकंदांच्या अंतराने पडत होत्या आणि त्यातली नावे ‘ॲडमिनिस्ट्रेटर’, ‘ॲडमिन’, ‘टेस्ट’, ‘यूजर’ अशी होती. तिथल्या कोणा कर्मचाऱ्याचे खाते या नावांचे नव्हते. आणखी एक बाब अशी, की या सगळ्या नोंदींवर लॉगऑन टाइप १० नव्हता, ३ होता. नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन चालू असले की पासवर्डची तपासणी डेस्कटॉप उघडण्याआधीच नेटवर्कवर होते, आणि म्हणून फसलेला प्रयत्न ३ या प्रकारात मोडतो. फक्त १० शोधणाऱ्याला हा हल्ला दिसलाच नसता. तरीसुद्धा या फसलेल्या प्रयत्नांपेक्षा मला दुसऱ्याच नोंदीची धास्ती होती: अनोळखी पत्त्यावरून आलेली एखादी ४६२४. फेल्युअर तेवढे नोंदवले आणि सक्सेस सोडले, तर दारावर किती जणांनी धडका मारल्या ते कळते, पण आत कोणी शिरले की नाही ते कळत नाही. म्हणून लॉगऑन या उपवर्गात दोन्ही खुणा हव्यात. त्या कार्यालयात तशी नोंद सापडली नाही. पोर्ट त्याच दिवशी बंद करून व्हीपीएनची, म्हणजे बाहेरून सुरक्षित खासगी जोडणीची, व्यवस्था केली.

आता फाइलींच्या ऑडिटविषयी. अंबडमधल्या यंत्रभाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ड्रॉइंग्जचे एक सामायिक फोल्डर आहे. डिझाइन विभाग त्यात नवी आवृत्ती ठेवतो आणि शॉप फ्लोअरवरचे संगणक तिथूनच ती उघडतात. चुकीची किंवा जुनी आवृत्ती यंत्रावर गेली तर माल वाया जातो, त्यामुळे ‘ही फाइल कोणी हलवली’ हा प्रश्न तिथे वारंवार उठतो आणि त्याचे उत्तर मिळाले नाही की संशय सगळ्यांवर फिरत राहतो. मालकांना नेमकी हीच गोष्ट नको होती, आणि त्यांचे म्हणणे मला पटले: चोख नोंद असली की निर्दोष माणसावर बोट उठत नाही.

यासाठी ऑब्जेक्ट ॲक्सेस वर्गातला ‘फाइल सिस्टीम’ हा उपवर्ग चालू करावा लागतो. तो मुळात बंद असतो. पण तो चालू करून काम संपत नाही, आणि इथेच बहुतेक जण अडकतात. कोणत्या फोल्डरवर, कोणाच्या, कोणत्या कृतीची नोंद घ्यायची हे त्या फोल्डरच्या गुणधर्मांत, सिक्युरिटीच्या टॅबमधून ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन ‘ऑडिटिंग’ या टॅबवर वेगळे सांगावे लागते. या यादीला सिस्टीम ॲक्सेस कंट्रोल लिस्ट म्हणतात. पॉलिसी चालू आणि यादी रिकामी असेल तर काहीच नोंदवले जात नाही. यादी भरलेली आणि पॉलिसी बंद असेल तरीही काहीच नोंदवले जात नाही. त्या फोल्डरवर मी ‘एव्हरीवन’ या गटासाठी फक्त यशस्वी कृती निवडल्या, आणि त्यातही ‘डिलीट’, ‘डिलीट सबफोल्डर्स अँड फाइल्स’, फाइल तयार करणे किंवा लिहिणे आणि परवानग्या बदलणे एवढ्याच. वाचण्याची नोंद मुद्दाम सोडली. दिवसभर शंभर वेळा उघडल्या जाणाऱ्या ड्रॉइंगच्या वाचनाची नोंद ठेवली असती, तर पुसण्याची एक नोंद त्या गर्दीत हरवली असती. जिथे माहिती बाहेर जाण्याची भीती असेल, तिथे हा निर्णय अर्थातच उलटा होईल.

नोंद वाचतानाही सावध राहावे लागते. ४६६३ या नोंदीत फाइलचे नाव, वापरकर्त्याचे नाव आणि वापरलेला अधिकार दिसतो. त्यात ‘डिलीट’ असे लिहिलेले असले म्हणजे फाइल पुसलीच असे नाही, कारण फाइलचे नाव बदलतानाही विंडोज डिलीटचाच अधिकार वापरते. फाइल खरोखर पुसली गेल्यावर ४६६० ही नोंद पडते. पण तिच्यात फाइलचे नाव नसते, फक्त हँडल आयडी, म्हणजे उघडलेल्या फाइलला विंडोजने दिलेला तात्पुरता क्रमांक, असतो. तोच हँडल आयडी असलेली आधीची ४६६३ शोधायची आणि दोन्ही जोडून वाचायच्या. एक्सेलसारखा प्रोग्रॅम जतन करताना आधी तात्पुरती फाइल लिहितो, मग जुनी बाजूला करून नवीला तिचे नाव देतो. त्यामुळे रोज भरल्या जाणाऱ्या साध्या स्टॉकच्या फाइलवरही डिलीटच्या नोंदी दिसतात. एवढ्यावरून एखाद्या कर्मचाऱ्याला जाब विचारणे हा सरळ अन्याय होईल.

नेटवर्कवरून फाइल पुसली असेल तर ४६६३ मध्ये वापरकर्त्याचे नाव मिळते, कोणत्या संगणकावरून ते मिळत नाही. त्यासाठी नोंदीतला ‘लॉगऑन आयडी’ घ्यायचा आणि तोच आयडी असलेली ४६२४ शोधायची. तिच्यात आयपी पत्ता असतो. ‘फाइल शेअर’ हा उपवर्ग चालू असेल तर ५१४० मध्येही तो पत्ता मिळतो. अर्थात, हा सगळा खटाटोप प्रत्येकाचे खाते वेगळे असेल तरच कामाचा. शॉप फ्लोअरवरचे सगळे संगणक एकाच नावाने आणि एकाच पासवर्डने फोल्डरला जोडलेले असतील, तर नोंद अचूक असूनही निरुपयोगी ठरते. त्या कारखान्यात ऑडिट पॉलिसीला हात लावण्याआधी आम्ही प्रत्येकाची खाती वेगळी केली. कामाचा अर्ध्याहून अधिक वेळ त्यातच गेला, आणि तो तिथेच जायला हवा होता.

करसल्लागारांच्या कार्यालयांत एक वेगळा मुद्दा निघतो. कंपन्यांच्या लेखा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी सोय असणे १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक झाले आहे. मग विंडोजचे ऑडिट वेगळे कशाला, असे मला विचारले जाते. सॉफ्टवेअरमधली ती नोंद व्हाउचरमध्ये काय बदलले ते सांगते. डेटाचे संपूर्ण फोल्डरच कोणी पेनड्राइव्हवर उतरवून नेले किंवा पुसून टाकले, तर ती त्याविषयी काही सांगू शकत नाही, उलट फोल्डरबरोबर ती स्वतःही जाते. पेनड्राइव्हसाठी विंडोज ८ पासून ‘रिमूव्हेबल स्टोरेज’ हा स्वतंत्र उपवर्ग आहे आणि त्याला फोल्डरनिहाय यादी भरावी लागत नाही. ज्या संगणकावर ग्राहकांची विवरणपत्रे असतात, तिथे तो मी आवर्जून चालू करतो.

खात्यांविषयीच्या नोंदींवर फार विचार करावा लागत नाही. ‘यूजर अकाउंट मॅनेजमेंट’ आणि ‘सिक्युरिटी ग्रुप मॅनेजमेंट’ हे दोन उपवर्ग सर्वत्र चालू असावेत. नवे खाते तयार झाले की ४७२०, कोणाला स्थानिक गटात, उदाहरणार्थ ॲडमिनिस्ट्रेटर्समध्ये, घेतले की ४७३२, खाते लॉक झाले की ४७४०. या नोंदी इतक्या कमी पडतात की लॉगवर त्यांचा भार होत नाही, आणि त्यातली एक जरी अनपेक्षित असली तरी तिची चौकशी त्याच दिवशी करावी. शेकडो पानांच्या अहवालापेक्षा अशी एक ओळ अधिक कामाची असते. लॉगच पुसला तर ११०२ ही नोंद पडते आणि ऑडिट पॉलिसी बदलली तर ४७१९. या दोन्ही नोंदी कोणताही उपवर्ग चालू असो वा नसो, पडतातच.

‘प्रोसेस क्रिएशन’ म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होण्याची नोंद, क्रमांक ४६८८. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, नेमके कशातून सुरू झाले हे शोधताना तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही, विशेषतः पूर्ण कमांड लाइन नोंदवण्याचे वेगळे सेटिंग चालू असेल तर. पण एखाद्याने बॅकअपच्या बॅच फाइलमध्ये (एकामागोमाग चालणाऱ्या कमांड लिहिलेल्या फाइलमध्ये) पासवर्ड कमांडमध्येच लिहिलेला असेल, तर तोही लॉगमध्ये उघड्या अक्षरांत उतरतो. आधी त्या बॅच फाइली दुरुस्त कराव्यात आणि मगच हे सेटिंग चालू करावे.

जे बंद ठेवावे त्यात ‘फिल्टरिंग प्लॅटफॉर्म कनेक्शन’चा क्रमांक पहिला. फायरवॉलमधून गेलेल्या प्रत्येक जोडणीची ५१५६ क्रमांकाची नोंद तो करतो, आणि एकच ब्राउझर उघडला तरी त्यांची रांग लागते. ‘डिटेल्ड फाइल शेअर’ला फोल्डरनिहाय यादीच नसते, त्यामुळे सामायिक केलेल्या प्रत्येक फाइलला लागलेला प्रत्येक हात तो टिपतो. ‘नॉन-सेन्सिटिव्ह प्रिव्हिलेज यूज’ आणि ‘कर्नल ऑब्जेक्ट’ यांचा लहान कार्यालयाला काही उपयोग नाही.

हा संयम का पाळायचा याचे कारण लॉगच्या आकारात आहे. सिक्युरिटी लॉगची मूळ मर्यादा सुमारे २० एमबी असते आणि ती भरली की सर्वांत जुनी नोंद पुसून नवी लिहिली जाते. वरचे गोंगाट करणारे उपवर्ग चालू असतील तर गजबजलेल्या फाइल सर्व्हरवर सकाळची नोंद संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. म्हणजे सगळे नोंदवण्याच्या हट्टापायी हवी ती नोंदच नाहीशी होते. सर्ट-इन या सायबर सुरक्षेसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत लॉग १८० दिवस जपून ठेवण्यास सांगितले आहे, आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवण्यासही. पतसंस्थांच्या व्यवस्थापकांशी बोलताना हे दोन आकडे मी नेहमी पुढे ठेवतो. इव्हेंट व्ह्यूअर या लॉग पाहण्याच्या विंडोजच्या प्रोग्रॅममध्ये सिक्युरिटी लॉगच्या गुणधर्मांत जाऊन मर्यादा वाढवता येते. मी सर्व्हरवर ती १ जीबीपर्यंत नेतो. ‘भरल्यावर जुना लॉग जपून ठेवा’ हा पर्यायही तिथेच आहे, पण जपलेल्या फाइली सी ड्राइव्हवरच साठत जातात आणि एके दिवशी जागाच संपते, म्हणून त्या रोज रात्री दुसऱ्या ठिकाणी हलवण्याची सोय आधी करावी. ती जागा अशी असावी, की जिथे या संगणकाच्या ॲडमिनला लिहिता येईल पण पुसता येणार नाही. नोंद लिहिता आली नाही तर संगणक तत्काळ बंद करणारे एक सेटिंगही विंडोजमध्ये आहे. गिऱ्हाईक काउंटरवर उभे असताना असा संगणक बंद पडला तर काय होईल याचा विचार करून मी ते कुठेही चालू केलेले नाही.

सर्ट-इनच्या याच निर्देशांत संगणकांची घड्याळे प्रमाणित वेळेशी जुळवण्यासही सांगितले आहे, आणि हा भाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. सातपूरकडे पावसाळ्यात वीज गेली आणि मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली असली, की जुना संगणक पुन्हा सुरू होताना काही वर्षे मागची तारीख घेऊन उठतो. त्या काळात पडलेल्या नोंदींची दुसऱ्या कोणत्याही लॉगशी किंवा कॅमेऱ्याच्या चित्रणाशी सांगड घालता येत नाही. ‘सिक्युरिटी स्टेट चेंज’ हा उपवर्ग चालू असेल तर वेळ बदलल्याची ४६१६ ही नोंद मिळते आणि घोळ निदान उलगडता येतो.

शेवटी प्रत्यक्ष सेटिंग करताना घ्यायची काळजी. जुने नऊ वर्ग आणि नवे उपवर्ग एकाच वेळी वापरू नयेत. परिणाम काय होईल ते सांगता येत नाही. उपवर्ग निवडले असतील तर सिक्युरिटी ऑप्शन्समध्ये ‘उपवर्गांची सेटिंग्ज जुन्या वर्गांवर मात करतील’ अशा अर्थाचा जो पर्याय आहे, तो चालू करावा. ग्रुप पॉलिसीच्या खिडकीत ‘नॉट कॉन्फिगर्ड’ दिसले म्हणून तो उपवर्ग बंदच आहे असे समजू नये. खरी स्थिती ऑडिटपॉल सांगतो, आणि तो ॲडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवर चालवावा लागतो. घरगुती होम आवृत्तीत पॉलिसीची खिडकी नसते, पण ऑडिटपॉल तिथेही चालतो. याच कमांडमध्ये संपूर्ण सेटिंग एका फाइलमध्ये उतरवून ठेवण्याची आणि परत बसवण्याची सोय आहे, त्यामुळे एका संगणकावर विचारपूर्वक केलेली मांडणी उरलेल्या संगणकांवर जशीच्या तशी नेता येते.

मांडणी झाल्यावर मी ग्राहकालाच शेजारी बसवतो. त्या सामायिक फोल्डरमध्ये एक चाचणीची फाइल तयार करायला सांगतो, ती त्यांच्याच संगणकावरून पुसायला सांगतो, आणि मग सर्व्हरवर ४६६३, ४६६० आणि ४६२४ या तिन्ही नोंदी त्यांच्याकडूनच शोधून घेतो. नाव, वेळ आणि आयपी पत्ता जुळला की ऑडिटपॉलचा अहवाल छापून त्यावर तारीख घालतो आणि त्यांच्या फाइलला लावतो. विंडोजची मोठी अपडेट आली की नवा अहवाल काढून तो या कागदाशी ताडून पाहायचा, हे काम आता त्या कारखान्यातले स्टोअर सांभाळणारे गृहस्थ स्वतःच करतात.